पाण्यासकट जप्त झालेली नाव

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी साहेब,
वाहन तपासणी नाका, जांभुळबर्डी,
जिल्हा गोंदिया
(नाक्यावर नसल्यास कुडवा येथील राहत्या घरी)

अर्जदार: दुधराम सोमाजी लंजे, मौजा देवबोडी, तालुका अर्जुनी मोरगाव

विषय: तिरोड्याकडून विकत आणलेली जुनी फायबरची नाव ट्रेलरसह, पण तिच्यातील पाण्याशिवाय, सोडून मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या नाक्यावर झालेला पंचनामा.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज, ज्यांच्यावर आपल्या टेबलावरील चहाचे कप ठेवलेले मी स्वतः पाहिले.

महोदय,

वरील विषय आपण शेवटपर्यंत वाचला असेल असे गृहीत धरून पुढे लिहितो. मी देवबोडीचा राहणारा, जातीने कोहळी, धंद्याने शेतकरी. आमच्या वाडवडिलांनी या मुलखात तलाव बांधले. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पाणी कशाला म्हणतात हे या वयात मला आपल्या नाक्यावर येऊन शिकण्याची गरज नाही. तरीही मागील काही दिवस आपण मला तेच शिकवीत आहात.

नाव कशासाठी घेतली ते प्रथम नमूद करतो, कारण आपल्या पंचनाम्यात ‘मौजमजेचे साधन’ असे लिहिले आहे. आमच्या गावच्या तलावाचे पाणी शेतात सोडण्याचे दार, ज्याला आम्ही तुडूम म्हणतो, ते पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, लागून नाही, आत खोल पाण्यात आहे. त्याच्या भोकात लाकडी डाट ठोकलेला आहे. नावेत उभे राहून वरून साखळी ओढली की डाट निघतो. नाव नसेल तर पोहत जाऊन, बुडी मारून, तो हाताने उपटावा लागतो आणि निघताक्षणी पाणी माणसालाही त्या भोकाकडे ओढते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे आहे. गावचा जुना लाकडी डोंगा सडून गेला तेव्हापासून माझा मुलगा गजेंद्र बुडी मारून डाट काढतो. गेल्या वर्षी तो फार उशिरा वर आला. त्याच्या कानातून रक्त येत होते आणि त्या कानाने आता त्याला ऐकू येत नाही. माझी सून रीता हिने त्या दिवशी पाळीवरच सांगितले, “मामाजी, अगुदर नाव आना. नाई त मी यायले पान्यात उतरू देत नाई.” अशी ही मौजमजा आहे.

म्हणून वैनगंगेच्या काठी पर्यटकांना फिरवण्याचा धंदा करून थकलेले टेकचंद नावाचे गृहस्थ गाठले व त्यांची वापरलेली नाव, तिच्या दोन चाकांच्या ट्रेलरसह, घेतली. ओढायला गावातल्या भुवनेश्वरचा ट्रॅक्टर होता. येथपर्यंत आपल्यालाही समजले असेल.

आता पाण्याविषयी. आमच्याकडे घेतलेली नाव कोरडी आणत नाहीत. डोंगा उन्हातून रस्त्याने आणला की लाकूड तडकते, म्हणून त्याच्या पोटात पाणी घालतात, वरून ओली पोती टाकतात. हे जुने पाणी घरच्या तलावात ओतायचे, म्हणजे नाव नव्या पाण्याला परकी राहत नाही. त्याप्रमाणे आम्ही वैनगंगेचे पाणी घागरींनी ओतून नाव निम्मी भरली. टेकचंद हसले. हसणाऱ्याने नाव विकली, आम्ही घेतली. रीत घेणाऱ्याची चालते. सुनेनेही फोनवर सांगितले होते की फायबर सुकत नाही आणि तडकतही नाही. तिचे म्हणणे शास्त्राला धरून असेल. पण माझ्या बापाने कोरडी नाव गावात आणली नाही आणि मीही आणणार नाही.

वाटेत गोरेगावात बाजाराचा दिवस होता. गर्दीतून ट्रॅक्टर चालला की पाणी डचमळायचे आणि मिरचीवाल्या बाया ओरडायच्या. एका बाईने विचारले, “काऊन जी, नावीले आंघोळ घालून राह्यले का?” तिला मी कारण सांगितले, तिला ते पटले आणि तिने नावेला हळदीचे बोट लावले. बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईला जे एका वाक्यात समजले, ते आपल्या खात्याला तीन फेऱ्यांत समजलेले नाही.

आपल्या नाक्यावर शिपाई बकाराम यांनी गाडी अडवली. नावेचे टोक मागे बाहेर निघते, लाल कापड बांधा, असे ते म्हणाले. भुवनेश्वरने डोक्याचा लाल दुपट्टा सोडून बांधला. हा आक्षेप योग्य होता व तो घेणारा माणूसही बरा आहे. त्यानंतर त्यांनी आत डोकावून पाहिले आणि आपल्याला फोन लावला, तेथून अक्कल संपली. आपण कुडव्याला घरी बसून, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे, फोनवरून आदेश दिले. पहिला आदेश असा की, यात पाणी आहे, म्हणजे हा टँकर आहे, तेव्हा पाणीवाहतुकीचा परवाना मागा. बकारामने पुन्हा डोकावून सांगितले की आत मासोळ्याही आहेत. त्या घागरीतून आल्या असाव्यात. मी त्यांना बोलावले नव्हते. त्यावर दुसरा आदेश आला की, मासोळ्यांचाही परवाना मागा.

मी बकारामच्या फोनवर आपल्याला म्हणालो, साहेब, नावेचे बुच काढतो, पाणी इथेच सोडतो, म्हणजे टँकरही राहणार नाही आणि मासोळ्याही राहणार नाहीत. माझी रीत मोडत होती, तरी म्हणालो, कारण मला घरी जायचे होते. त्यावर आपण स्वतः गाडीने आलात. काच अर्धी खाली केलीत. पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न, असे म्हणालात. मग मला पाहून हसत हिंदीत विचारलेत, “इतना पानी लेके कहाँ जा रहे थे चाचा, समंदर बनाने?” आपल्या गाडीतले दोघे हसले. मी हसलो नाही. नाव पाण्यासकट जप्त करून आपण काच वर केलीत व गेलात.

पुढे जे घडले ते लिहिताना मला आपली कीव येते. पंचनाम्यात ‘नाव निम्मी पाण्याने भरलेली’ असे असल्यामुळे मुद्देमाल कमी होऊ नये असा आपला लेखी हुकूम आहे. ऊन पाण्याला विचारून पडत नाही. म्हणून बकाराम रोज हातपंपावरून बादल्या आणून माझ्या नावेत ओततात. मी पाहिले, त्यांची कंबर धरलेली होती. “का करू जी, सायबाचा आर्डर हाये,” असे ते म्हणाले. म्हणजे ज्या पाण्याची वाहतूक केल्याबद्दल मी आरोपी आहे, ते पाणी केव्हाच वाफ होऊन गेले आणि आज माझ्या नावेत सरकारी पाणी आहे. त्याचा परवाना आपल्याकडे आहे काय, हे कळवावे.

माझ्या दुसऱ्या फेरीत आपल्या कारकुनाने माझ्याकडे खुलासा मागितला. पंचनाम्यात चार मासोळ्या असून प्रत्यक्षात तीनच आढळतात, चौथीचे काय झाले ते अर्जदाराने लेखी द्यावे. नाव आपल्या ताब्यात, पहारा आपला, आणि मासोळीचा जाब मला. बकाराम तेथेच उभे होते. त्यांनी सांगितले, “बगळ्यानं नेली जी, मी डोयानं पायलो.” कारकुनाने ते लिहून घेण्यास नकार दिला, कारण बगळ्याची सही नाही. मी खुलासा असा देतो की, आपल्या नाक्यावर त्या दिवशी काम करताना दिसलेला तो बगळा एकटाच होता.

त्याच कारकुनाने मला सल्लाही दिला की, शेजारच्या गावचा डोंगा मागून आणा. सध्या शिंगाड्याचा हंगाम आहे. तलावातून शिंगाडे काढायला प्रत्येक डोंगा पाण्यात आहे व या दिवसांत कोणी आपला डोंगा दुसऱ्याला देत नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे शिंगाडे बाजारातल्या टोपलीत उगवत असावेत. गाढवापुढे वाचली गीता, असे म्हणून मी उठलो. ते त्यांनी ऐकले असल्यास माझी हरकत नाही.

तिसऱ्या फेरीत आपण गोंदियाला बैठकीला होतात. बैठक कशाची, ते नाक्यावर कोणालाच माहीत नव्हते.

साहेब, पाऊस गेला. धान निसवायला लागला आहे, लोंब्या बाहेर पडत आहेत, आणि याच वेळी शेवटचे पाणी लागते. तलाव काठोकाठ भरलेला आहे व त्याच्या पाळीखाली आमच्या गावच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, भेगा पडल्या आहेत. लोंबीत दूध भरायचे ते भरणार नाही, नुसता पोचट कोंडा हाती येईल. माझ्याच नाही, साऱ्या गावाच्या. लोक पाळीवर येऊन उभे राहतात आणि तुडुमाकडे पाहतात. नाव आणायला मी गेलो होतो आणि नाव मी आणू शकलो नाही. आपल्याविषयी मला जो राग आहे त्यातला बराचसा या गोष्टीचा आहे.

तरी माझी विनंती अशी की, पाणी आपण ठेवून घ्यावे. बादल्यांत, टाकीत, आपल्या गाडीत, जेथे मुद्देमाल सुरक्षित राहील तेथे. तीन मासोळ्याही ठेवाव्यात. नाव मला द्यावी. हा अर्ज बंद पाकिटात घेऊन येणारा भुवनेश्वर ट्रॅक्टरसह आज संध्याकाळपर्यंत आपल्या दारात उभा राहील. ट्रेलर जोडून देण्यास बकाराम एकटे पुरेसे आहेत, आपण काच खाली करण्याचीही गरज नाही.

नाव न आल्यास काय होणार तेही कळवून ठेवतो. गावाने उद्या सकाळी तुडूम उघडायचे ठरवले आहे. गजेंद्र उतरणार असे सर्वजण धरून चालले आहेत. रीताने कालपासून अन्न घेतलेले नाही. ती माझ्याशी भांडत नाही, नुसती पाहते, आणि ते मला सहन होत नाही. म्हणून गजेंद्र उठण्याआधी मी पाळीवर जाणार आहे. डाट कसा काढायचा हे त्याला मीच शिकवले. मला बुडी मारून वीस वर्षे झाली. छाती पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि मला भीती वाटते. पण त्या भोकापाशी माझा मुलगा पुन्हा गेलेला मला पाहायचा नाही.

हे मी घरी सांगितलेले नाही. सांगितले तर बाहेरून कडी लावतील. गावातही कोणाजवळ बोललो नाही, कारण कोणी ना कोणी धावून येईल आणि मला अडवील. आपल्याला मात्र निर्धास्तपणे कळवीत आहे. या जिल्ह्यात ही गोष्ट समजल्यावरही जागचा हलणार नाही, असा मला माहीत असलेला माणूस आपण एकटेच आहात.

जेवढा जमला तेवढा नम्र,

दुधराम सोमाजी लंजे
देवबोडी
दिनांक: ६ ऑक्टोबर २०२३

प्रतिलिपी: कोणालाही नाही. सुनेला तर मुळीच नाही.