‘त्रास नथी’ या शिक्क्याबद्दल अर्जदारास दोषी ठरवण्याबाबत

प्रति,
मा. मोहनराव फणसे,
मानद कार्यवाह,
सूतिका सेवा मंडळ प्रसूतिगृह, बडोदे.

अर्जदार: मंदाकिनी लक्ष्मण टिपणीस, परिचारिका, गरोदर माता तपासणी विभाग.

विषय: कारणे दाखवा नोटिशीतील आरोप मागे घेऊन त्या जागी खोट्या नोंदीचा आरोप ठेवण्याबाबत.

संदर्भ: १) आपली नोटीस, दि. ६ ऑक्टोबर २०२५. २) आपल्या कार्यालयाचे उत्तर, दि. २७ ऑक्टोबर २०२५. ३) मंडळाचा सेवा नियम ३१.

महोदय,

१. अर्जदारावर असा आरोप आहे की, दि. २६ सप्टेंबर रोजी तिने सौ. राजेश्वरी समरजित मोहिते, राहणार छाणी, या सातव्या महिन्यातील रुग्णाच्या पतीला खोटे सांगून खोलीबाहेर पाठवले आणि रुग्णाला घरगुती प्रश्न विचारले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गाडी रुग्णवाहिकेच्या वाटेत आहे असे पतीला सांगितले होते. गाडी वाटेत नव्हती. प्रश्न चार होते. ते अर्जदाराच्या डोक्यातून निघालेले नाहीत. मंडळानेच मार्चमध्ये ठराव करून ते केसपेपरच्या मागे छापून घेतले आहेत: घरी कोणी मारते का, धमकावते का, घरी जायची भीती वाटते का, कोणाला कळवायचे आहे का. मंडळाने छापलेले प्रश्न विचारले म्हणून मंडळच खुलासा मागत आहे, एवढे नोंदवून अर्जदार पुढे जाते.

२. हे प्रश्न कोणी विचारायचे यासाठी दि. १५ एप्रिल रोजी डॉक्टरांची बैठक झाली. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढेच आहे. अर्जदार तेथे कागद वाटायला हजर होती. डॉ. पृथ्वीराज शिर्के म्हणाले, “आपल्याकडे चांगल्या घरच्या बायका येतात. त्यांतल्या एकीला हे विचारायचं म्हणजे तिच्या सासऱ्यावर आळ घ्यायचा, आणि सासरा माझ्या वडिलांबरोबर जिमखान्यात बसतो.” पुढे म्हणाले, “एका बाईला सहा मिनिटं. वजन, बीपी, बाळाचे ठोके. नवऱ्याची चौकशी कितव्या मिनिटाला बसवू?” डॉ. मोहना प्रधान म्हणाल्या, “आणि ती हो म्हणाली तर? माझ्याकडे त्यावर गोळी नाही.” यावर सगळे हसले. बैठकीनंतर जिन्यात त्या अर्जदाराला म्हणाल्या, “मंदाताई, विचारायला हवं हे मलाही कळतं हो. पण माझं नाव मध्ये आणू नका.” ते येथे आणले आहे.

३. केसपेपरवरची ती जागा कोरी राहिली तर तपासणीत शेरा येतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पन्नासेक पेपर निघतात. हाताने लिहिण्याचा कंटाळा येऊ लागल्यावर डॉ. शिर्के यांनी खंडेराव मार्केटजवळच्या दुकानातून एक रबरी शिक्का करून आणला. त्यावर गुजरातीत दोनच शब्द आहेत: ‘त्रास नथी’, म्हणजे त्रास नाही. तो अर्जदाराच्या हाती देऊन ते म्हणाले, “सिस्टर, सकाळीच मारून ठेवा. चालशे.” तेव्हापासून सकाळी सात चाळीसला, फाटक उघडण्याआधी, अर्जदार सगळ्या पेपरांवर शिक्का मारून खाली सही करत असे. नाव नोंदवून ज्या आल्याच नाहीत, त्यांच्याही घरी त्रास नव्हता.

४. राजेश्वरीबाई ८ जुलै, ५ ऑगस्ट, २ सप्टेंबर आणि २६ सप्टेंबर अशा चार वेळा आल्या. चार पेपर, चार शिक्के, चार सह्या. प्रत्येक वेळी पती शेजारी बसत आणि उत्तरे तेच देत. भूक लागते का, याचेही. चौथ्या वेळी बाईंनी लांब बाह्यांचे पोलके घातले होते. बीपीचा पट्टा बांधायला अर्जदाराने बाही वर केली, तेव्हा दंडावर एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला एक असे काळेनिळे वण दिसले. डॉ. शिर्के यांना दाखवले. “पडल्या असतील. या दिवसांत तोल जातो,” असे म्हणून त्यांनी ‘पडल्याने’ असे लिहिले आणि पुढची रुग्ण बोलावली. जमीन दंड असा धरत नाही.

५. मग अर्जदाराने पतीला गाडीकडे पाठवले, पडदा ओढला आणि चारही प्रश्न विचारले. तीन उत्तरे ‘हो’ आली. चौथ्याला बाई म्हणाल्या, “माझ्या आईला, करजणला.” याआधी का बोलला नाहीत, असे विचारले. त्यांनी फाईल उघडून शिक्क्यावर बोट ठेवले. “बेन, मी बसायच्या आधीच हे लिहिलेलं असतं. मला वाटलं, इथं हे सांगायचं नसतं.” या सगळ्याला चार मिनिटे लागली.

६. दि. १२ ऑक्टोबर रोजी बाई करजणला आईकडे गेल्या आणि पतीने तेथे येऊ नये यासाठी त्यांनी कोर्टात संरक्षण मागितले. पतीच्या वकिलांनी हे चार पेपर पुढे केले: प्रतिष्ठित प्रसूतिगृह चार वेळा लिहून देते की घरी त्रास नाही, मग बाई खोटे बोलते. कोर्टाने प्रसूतिगृहाकडून प्रमाणित नोंद मागवली आहे. सुनावणी १८ नोव्हेंबरला आहे. तेव्हा बाईंना नववा महिना असेल. संरक्षण नाकारले गेले, तर त्यांना न्यायला कोण येईल हे वेगळे लिहायला नको.

७. नोंद दुरुस्त करावी असा विनंती अर्ज अर्जदाराने केला होता. कार्यालयाने उत्तर दिले की, नियम ३१ प्रमाणे सहीनिशी झालेली नोंद, ती करणारा कर्मचारी खोट्या नोंदीबद्दल दोषी ठरल्याशिवाय बदलता येत नाही. नियम स्पष्ट आहे. अर्जदाराची त्याविरुद्ध तक्रार नाही. सही अर्जदाराची आहे.

८. म्हणून विनंती की, विचारल्याचा आरोप मागे घ्यावा आणि न विचारता लिहिल्याचा आरोप अर्जदारावर ठेवावा. नोकरी जाईल, परिचारिका म्हणून असलेली नोंदणीही जाईल, याची अर्जदारास बावीस वर्षांच्या सेवेनंतर पूर्ण कल्पना आहे. डॉक्टरांना वेळ नसतो हे ध्यानात घेऊन चौकशी समितीने चारच प्रश्न विचारावेत. शिक्का आपण मारला का? तेव्हा बाई समोर होती का? तिला विचारले होते का? ‘त्रास नाही’ असे ती म्हणाली होती का? उत्तरे आताच लिहून देते: हो. नाही. नाही. नाही.

चार मिनिटे पुरतील. १८ तारखेच्या आत ती काढावीत.

दोष कबूल असलेली आपली,
मंदाकिनी लक्ष्मण टिपणीस
बडोदे, दि. ३ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) चार केसपेपरांच्या प्रती, राजेश्वरीबाईंच्या लेखी संमतीसह.
२) अर्जदाराची हजेरी: चारही दिवशी सकाळी ७.३०. फाटक उघडण्याची वेळ ९.००.
३) रबरी शिक्का, नग एक. पोच द्यावी. शिक्का परत पाठवू नये.