फॉलो केलंय, मग पाय कशाला दाखवू?

पंकजा, तुझ्या त्या व्हिडिओनं माझ्या घरात भांडण लावलं हाय आणि तू तिकडं नगरला दवाखान्यात निवांत इंजेक्शनं देत बसलीस! (चि. पंकजास मावशीचा आशीर्वाद. बरी हायेस ना? तुझ्या आईची कंबर काय म्हणते? मी ठीक हाय. हे आधी लिहायचं असतं, रागात राहून गेलं.)

तर ऐक. तुझ्या काकांची शुगर वाढली, टाचेला जखम झाली, ती भरंना. इथं मिरजगावात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, सोमवारी फॉलोअपला या. तेवढ्यात ह्यांना मोबाईलात दुसराच डॉक्टर सापडला. गळ्यात नळी, मागं पुस्तकांचं कपाट, आणि बोलणं असं की कीर्तनकारानं गप्प बसावं. तो म्हणतो, गोळ्या फेका, रात्री भेंडी भिजवा, सकाळी ते पाणी प्या. झालं! आमच्यात भेंडी तव्यावर यायची बंद झाली. मी म्हटलं, अहो, त्या बुळबुळीत पाण्यावरनं शुगर घसरून पडते का काय? तर मलाच विचारतात, तू किती शिकलीस? (चौथी. हे स्वतः सातवीत दोनदा बसले.)

सोमवारी म्हटलं, उठा, फॉलोअपला जायचंय. हे खाटेवरून हलले न्हाईत. "कालच केलंय की फॉलो!" म्हणाले आणि मोबाईल पुढं धरला. त्या भेंडीवाल्याच्या फोटोखाली बटण दाबलं हुतं. मला वाटलं, नवी सोय निघाली असंल, हल्ली सगळंच मोबाईलवर हुतंय. म्हणून मी गप्प बसले, तर बाजारात डॉक्टर भेटले ते माझ्यावरच ओरडले. बटण ह्यांनी दाबायचं आणि बोलणी मी खायची!

मग मी ह्यांना तुझा व्हिडिओ दाखवला. त्यात तू काय म्हणतेस? मोबाईलवर औषध सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. हे टाळी वाजवून हसले. "बघ, तुझी भाचीच सांगते, तिचं ऐकू नका म्हणून!" मी विचार करून दमले. तुझं ऐकावं तर तुझं ऐकायचं न्हाई, आणि न ऐकावं तर ऐकल्यासारखंच हुतंय. असलं कोड्यात बोलायला शिकवतात का गं नर्सिंगला?

मोबाईल ह्यांच्या हातातून सुटत न्हाई, म्हणून हे कागदावर. टेम्पोवाल्या गोरक्षाकडं देते.

तुझी मावशी,
विजयमाला

ता.क. नवा व्हिडिओ कर. ह्यांचं नाव घेऊन (मी घेत न्हाई, तुला ठाऊक हाय) सरळ सांग, उठा आणि टाच दाखवून या. मोबाईलातून आलं की ह्यांना आकाशवाणी झाल्यासारखं वाटतं. गळ्यात नळी घाल.

ता.क. दुसरा. ह्यांनी सोडलेली गोळी मी रोज कुटून त्या भेंडीच्या पाण्यात घालते. चालतं का तसं? परवा दवाखान्याच्या आशाताईनं घरी येऊन बोट टोचून बघितलं, शुगर उतरली हाय. आणि काल ह्यांनी स्वतःचाच व्हिडिओ टाकला, भेंडीनं गुण आला म्हणून! निम्मं गाव भेंडी भिजवतंय. आता खरं सांगितलं तर हे पाणी पिणार न्हाईत, न सांगावं तर गाव गोळ्या सोडंल. काय करू? गुरुवारच्या आत उत्तर पाहिजे, आणि ते कागदावर.