बियर प्यायलेला कॅमेरा

जांको पांपा, ७ जुलै

ती. निकानोराताईस,

एलेउतेरियोचा साष्टांग नमस्कार. तुझी कॅमेऱ्याची पाणी न शिरणारी पेटी ट्रकमधून तीन लामा आणि कुणाच्या तरी रुखवतातली गादी यांच्यासोबत पोचली. बॅटऱ्या थंडीने मरतात म्हणून तू सांगितल्याप्रमाणे बनियनमध्ये घेऊन झोपतो. बायको म्हणते, नऊ वर्षांत मला कधी इतकं जवळ घेतलं नाहीस.

पण कॅमेरा चालूच होत नाही. पेटी उघडली तर भपकन बियरचा वास, आणि लेन्सला रंगीत कागदाच्या टिकल्या चिकटलेल्या! ताई, तू लग्नांचे फोटो काढतेस की लग्नं साजरी करतेस?

चेष्टा पुरे. आजोबांचे गुडघे पाहता कॅमेऱ्यासमोर सीमेचे दगड दाखवायला ते एकदाच चालतील, आणि आपल्यात ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाहीत. चोवीस तारखेला कोर्टात दगडांचा पुरावा दिला नाही, तर झऱ्याकाठचं कुरण पलीकडच्या गावाला जाईल. मग लामा काय तुझ्या स्टुडिओत चारू? लवकर कळव. माया आटू देऊ नकोस.

तुझा एलेउतेरियो

ओरुरो, ११ जुलै

चि. एलेउतेरियोस अनेक आशीर्वाद.

गुन्हेगार घरातच सापडला. नवी वस्तू गावी निघाली आणि धरित्रीमायला रीतीप्रमाणे बियरचा नैवेद्य नाही? माझी पाठ वळताच आईने पेटी उघडली, बियर शिंपडली, कागद उधळले आणि झाकण घट्ट लावलं. ज्या पेटीत पाणी शिरत नाही तिच्यातून बियरही बाहेर पडत नाही, बाळा. आई उलट मलाच विचारते, मी मायला पाजत होते, कॅमेऱ्याने मध्ये तोंड का घातलं?

दुसरा कॅमेरा मिळत नाही. पेटीसोबत पाठवलेलं आवाज टिपायचं यंत्र मात्र वेगळ्या पिशवीत होतं, ते वाचलं. वकील म्हणतात, विरोधी पक्षाच्या माणसाने प्रत्येक दगडाशी हो म्हटलं तर नुसता आवाजही चालेल. म्हणजे पलीकडच्या गावचा म्हातारा इलारियोन. आपल्याला कळतंय तेव्हापासून त्याचा आणि आजोबांचा अबोला आहे, पण अडला हरी! जा आणि पाय धर. वारा आवाज खाऊन टाकतो, म्हणून माइकवर लोकरी मोजा चढव. धुतलेला घे. जिवाला जप.

तुझी निकानोरा

जांको पांपा, १८ जुलै

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

इलारियोन आला. आजोबांनी दगड दाखवायचा, त्याने त्यांना शिवी घालून हो म्हणायचं, असे सहा दगड झाले. यंत्रात सहाही शिव्या स्वच्छ ऐकू येतात, मोज्याची कृपा.

झऱ्यापाशी सातव्या दगडावर आजोबा बसलेच. म्हणाले, हा दगड पूर्वजांनी नाही, मीच इथे ठेवला. दुष्काळात चाळीस पावलं सरकवला, पोरं तहानेने रडत होती. झरा यांच्या गावाचा आहे. इलारियोनला या वेळी शिवी सुचली नाही. म्हणाला, मी तेव्हाच पाहिलं होतं. तू कधी सांगतोस याचीच इतकी वर्षं वाट बघत होतो.

ताई, एक बटण दाबलं की हे सगळं पुसलं जाईल. आजोबा दहादा विचारतात, यंत्राने नीट ऐकलं ना? मला पुसवत नाही आणि कोर्टात द्यायची छातीही होत नाही. तुझ्याकडे पाठवतोय. तू करशील ते खरं.

तुझा एलेउतेरियो

ओरुरो, २५ जुलै

चि. एलेउतेरियोस आशीर्वाद.

मी ते कोर्टात दिलं. झरा गेला, बाकीचं कुरण राहिलं. माझ्यावर रागव, पण आजोबांवर नको.

आजोबांचा आवाज सुरू झाला तेव्हा समोरच्या बाकावर इलारियोनने टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, लामा पाण्यावर आणत जा, कोण अडवतंय? अट एकच. परवानगी मागायला तुमच्या म्हाताऱ्याने स्वतः यायचं, आणि रोज यायचं. एका दिवसात सगळं बोलून होणार नाही, म्हणाला.

आजोबांच्या गुडघ्यांना तेल लावत जा.

तुम्हा सर्वांची,
निकानोरा