सतरावा पिंड

कर्वेनगर, पुणे
४ नोव्हेंबर २०२५

चि. दिगंबर,

आशीर्वाद शेवटी आहेत. आधी हे वाच.

काल, ३ तारखेला, सकाळी सात चाळीसला तुझा फोन आला. "ताई, आजीचं नाव पटकन सांग. सिद्धपूरला आईच्या श्राद्धाला बसलोय, गुरुजी खोळंबलेत." तू तिथे गेलास हे मला असं कळलं. मला का नेलं नाहीस विचारलं, तर म्हणालास, "मुलींचं तिथे काय काम?"

ते तीर्थच आईचं. सोळा पिंड, आईच्या एकेका कष्टाचा एकेक. बाळाला कोरड्यात ठेवून ती स्वतः ओल्यात झोपली, त्याचाही एक. शेवटची सहा वर्षं आईची ओली चादर माझ्या घरी कोण बदलत होतं रे? तू दिवाळीला वर्ध्याहून यायचास आणि आईला "छान दिसतेस" म्हणून निघायचास.

परशुरामानेही तिथेच आईचं श्राद्ध केलं म्हणतात. त्याने आईवर परशू चालवला खरा, पण आजीचं नाव विचारायला बहिणीला फोन केला नाही.

कॉन्व्हेंटात शिकलेलीने धर्म शिकवू नये, असं म्हणशील. त्या शाळेत मला घालायला आई एकटी आजोबांशी भांडली, दोन दिवस जेवली नाही. सोळांत तो कष्ट नाही. सतरावा मला द्यायचा आहे.

माझ्या भावजयीचा, माधवीचा गुडघा कसा आहे? तिला शेक घ्यायला सांग.

आशीर्वाद.

कार्तिक वीस तारखेला संपतो. मला घेऊन पुन्हा जाणार की नाही, ते १२ नोव्हेंबरच्या आत स्वतःच्या हाताने लिहून कळव. फोन मी उचलणार नाही. उत्तर आलं नाही तर एकटी जाईन. नावं मला सगळी पाठ आहेत.

कुमुदताई