काम करायला समर्थ होतात का?

१७ मार्च २०२०, मंगळवार
कोरोनामुळे गव्हर्नरसाहेबांनी राज्यातले सगळे बार बंद केले. बावीस वर्षं ज्या क्लबात ब्रँडी ओतली, त्याला कुलूप. मालक म्हणाला, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. म्हणजे मी बेकार नाही, रजेवर आहे. मेव्हणा ड्वेन त्याच क्लबात मासे तळतो. तो दुपारीच बेकारभत्त्याचा अर्ज करून मोकळा. हावरट मेला.

२२ मार्च, रविवार
म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरात माणसं हवीत. आम्हा नवरा-बायकोपैकी कुणीही चालेल म्हणतात. तिथे आधीच चौघांना लागण. बायकोला, आर्लीनला, दमा आहे. तिला ठणकावून सांगितलं, मी जिवंत असताना तू तिथे पाय ठेवायचा नाहीस. मग तू जातोस का, म्हणाली. मी बारटेंडर आहे, भांडी घासणारा नव्हे.
भत्त्याचा अर्ज केला. निव्वळ तिच्यासाठी.

२९ मार्च, रविवार
दर रविवारी सरकारी प्रश्नांना उत्तरं द्यायची. साथीमुळे नवे नियम: काम शोधायची अट माफ. शहाणपण सुचलं म्हणायचं.
एक प्रश्न मात्र अस्सल बावळट: या आठवड्यात काम करायला समर्थ होतात का? बार बंद, मग काम काय डोंबल करणार? ठणठणीत ‘नाही’ लिहिलं. आर्लीन म्हणाली, अरे, तब्येतीचं विचारत असतील, ड्वेनला विचार. ड्वेनने ‘हो’ लिहिलंय. सरकारशी धडधडीत खोटं! शोभतं त्याला.

५ एप्रिल, रविवार
‘नाही’. ड्वेनचे पैसे आले. चोराला मलिदा.

१२ एप्रिल, ईस्टर
‘नाही’. ड्वेन पायरीवर हॅम ठेवून गेला. परत पाठवणार होतो. मऊ होता.

२० एप्रिल, सोमवार
भत्त्याच्या ऑफिसला फोन. एंगेज. उद्यापासून रोज सकाळी सातला लावायचा. निश्चय पक्का.

२१ एप्रिल
दहाला उठलो.

२९ एप्रिल, बुधवार
पत्र आलं. तुमच्याच उत्तरांनुसार तुम्ही काम करायला असमर्थ आहात, सबब भत्ता नामंजूर. शेवटी फोन लागला. तिथली बाई म्हणाली, बार बंद होता साहेब, पण तुमचे हातपाय चालू होते ना? असल्यांना कोण नोकरीवर ठेवतं? अपील ठोकलं. जिंकल्यातच जमा.

४ मे, सोमवार
आर्लीनने नर्सिंग होमला होकार कळवला. अपिलाचा निकाल येईपर्यंत थांब म्हटलं. मी खरं तेच लिहिलं होतं, हेही सांगितलं. बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, “प्राण गेला तरी खोटं लिहिणार नाहीस, माहीत आहे. पण प्राण माझा आहे, व्हर्जिल.”
डबा भरून देतो म्हटलं. तिने भरला होता.

१७ मे, रविवार
फॉर्म. समर्थ होतात का? ‘हो’ लिहिलं. पुढचा प्रश्न: मिळत असलेलं काम नाकारलंत का? हा आजवर नीट वाचलाच नव्हता. या वहीतलं २२ मार्चचं पान काढलं.
तेवढ्यात आर्लीन कामावरून आली. खोकत होती. दम्याचाच आहे, म्हणाली.