बोटीचे मशीन आणि झेंडूची माळ

कोसाड, सुरत
दसऱ्यानंतरचा शनिवार, १९९६

तीर्थरूप रामदास मावसा यांस किरणचा साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला आणि मावशीचा गुडघा कसा आहे, ते आधी कळवावे. आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, आणि तीच माझी तक्रार आहे. तब्येत ठणठणीत नसती तर नानांनी (म्हणजे तुमच्या साडूंनी) मशीन सुरू करायची ती दोरी एका झटक्यात ओढलीच नसती.

मगदल्ल्याच्या ठाकोरभाईंच्या बोटीचे जुने विलायती मशीन मी दुरुस्तीला घरी आणले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याची इंचाच्या मापाची ऑइल सीले सुरतेत मिळेनात, म्हणून तुम्हीच ती धुळ्याच्या ट्रॅक्टरवाल्याकडून पाठवलीत. सील म्हणजे दिसायला रबराची बांगडी, पण आतले तेल आत आणि बाहेरचे पाणी बाहेर तिच्यामुळेच राहते. मासेमारीच्या जाळ्याचा दोरा पंख्याच्या दांड्याला गुंडाळून जुने सील कापले गेले होते आणि पाणी शिरून गिअरच्या तेलाचा पार दुधाचा चहा झाला होता. नवी सीले मी ग्रीस लावून, लाकडी ठोकळा धरून, हलक्या हाताने बसवली. (आई जेवायला हाका मारून दमली.) दिवाळीआधी मशीन पाण्यात चालले तर ठाकोरभाई मला वर्कशॉपात कायमचे ठेवणार, नाहीतर आहेच कडोदऱ्याला नानांच्या शेजारचा कापडाचा लूम.

दसऱ्याला मी आपट्याची पाने आणायला गेलो, तेवढ्यात घरच्यांनी मशीनची पूजा मांडली. पूजेला माझी हरकत नाही, हळदकुंकू पुसता येते. पण नाना म्हणाले, "बंद मशीनची पूजा म्हणजे मढ्याची पूजा. आम्ही लूम नाही का चालू करत?" मावसा, लूम जमिनीवरच चालतो. हे मशीन पाण्यात बुडवल्याशिवाय चालवायचे नसते. आतली रबरी चक्री पाणी ओढते. ती कोरडी फिरली की जळते आणि तिच्याखालचे सील भाजून निघते.

आणि ते पहिल्या झटक्यात सुरू झाले! (ठाकोरभाईंचा खांदा निखळायची वेळ यायची, तरी व्हायचे नाही. हे लक्षात घ्यावे.) बंद करायचे बटण कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून सगळ्यांनी आरती म्हटली. पूर्ण. शेजारच्या शोभाबाईंनी मशीनच्या पाणी कापणाऱ्या पंख्याला झेंडूची माळ घातली होती, तीही लूमच्या नायलॉन धाग्यात ओवलेली, आणि नानांचा हात गिअरला लागला. मी आलो तेव्हा जिन्यापर्यंत झेंडू उडालेला, ओट्यावर धूर, आणि शोभाबाई म्हणतात, "किरण, देवी पावली बघ!" धागा थेट नव्या सीलमध्ये. खाडीत जे व्हायला वर्षे लागली ते आमच्या ओट्यावर एका आरतीत झाले.

ठाकोरभाई म्हणाले, "अरे भाई, अमे तो नाळियेर फोडीए, मशीन नहीं!"

चालू केल्याशिवाय पूजा पोचत नाही, हे नानांच्या डोक्यात भरवणारा दीडशहाणा मला सापडला पाहिजे. जळकी चक्री गळ्यात बांधून त्याला सुरतभर फिरवीन.

मावशीस नमस्कार.

आपला
किरण

ता. क. : पत्र नानांना वाचून दाखवले. ते म्हणतात, गणपतीत आलात तेव्हा हे तुम्हीच त्यांना सांगून गेलात. 'दीडशहाणा' खोडला असता, पण खाडाखोड केलेले पत्र मी पाठवत नाही.

आणखी एक : तीच सीले पुन्हा हवी आहेत, दिवाळीआधी. (नवी चक्री ठाकोरभाईंकडे आहे.) मात्र एसटीच्या पार्सलने पाठवावीत, स्वतः घेऊन येऊ नये. लक्ष्मीपूजन ओट्यावरच आहे, आणि मशीनही तिथेच आहे.