कोमलची काडी

२९ नोव्हेंबर, शनिवार

पेंढा आला एकदाचा. किकवीच्या एका पालकांनी टेम्पोत टाकून पाठवला. भाताचा, अर्धा ओला. वर्गात पसरला तर पोरांना शिंका सुरू. उद्यापासून आगमनकाळ, नाताळच्या आधीचे चार आठवडे. बारा वर्षं या शाळेत काढून कॅथलिक पंचांग मला तोंडपाठ झालंय, घरी मात्र एकादशी कधी ते सासूबाईंना विचारावं लागतं.

सि. आग्नेसनी (सिस्टर, आमच्या मुख्याध्यापिका) नेहमीचं जाहीर केलं. प्रत्येक वर्गात एक रिकामी गव्हाण. पोरानं आपल्याला आवडणारी एक गोष्ट आठवडाभर सोडायची, तसं चिठ्ठीवर लिहायचं, की एक काडी गव्हाणीत. बाळ येशूला मऊ अंथरूण. ज्या वर्गाची गव्हाण जास्त भरेल तो वर्ग कार्यक्रमात बाळ येशूची मूर्ती उचलून आणणार. गेल्या वर्षी तिसरीनं मान पटकावला. यंदा माझी दुसरी सोडणार नाही.

१ डिसेंबर, सोमवार

वर्गात समजावलं. एकेचाळीस पोरं. आवडतं ते सोडायचं, नावडतं नाही. लगेच मागून, "बाई, अभ्यास सोडला तर चालंल का?" हसू आवरून डोळे वटारले.

मी पदरचंही थोडं घातलं. घरी सांगायचं नाही, गुपचूप सोडायचं, सांगितलं की त्याचं मोल जातं. गुपित म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे एवढाले झाले. चला, वर्ग हातात आला.

६ डिसेंबर, शनिवार

चिठ्ठ्या गोळा केल्या. अडतीस. वरच्या पाच-सहा वाचल्या. वेफर्स, कार्टून, वेफर्स, मोबाईल, धाकट्या भावाला मारणं (हे कायमचं सोडलं तरी चालेल), वेफर्स. नाताळच्या नाटकातल्या देवदूतांचे पंख चिकटवायचे राहिलेत, हात डिंकानं बरबटलेले. बाकीच्या मोजल्या, प्रत्येकीवर एक सोनेरी चांदणी चिकटवली, गठ्ठा कपाटात टाकला. अडतीस काड्या. तिसरी एकतीसवर अडकलीय. त्यांच्या बाई जाता-येता माझ्या गव्हाणीत डोकावतात.

९ डिसेंबर, मंगळवार

नाटकाची तालीम. बाकीचे मेंढपाळ टॉवेल गुंडाळून उभे, भाजीवाल्यासारखे. कोमल तेवढी खरी. ती वरच्या धनगरवाड्यातली, अर्धा तास डोंगर उतरून डांबरी रस्त्याला येते, तिथून शाळेची जीप. वडील मेंढरं घेऊन खाली देशावर गेलेत. त्यांची जुनी घोंगडी आणलीय तिनं. काठी खांद्यावर आडवी टाकून दोन्ही हात तिच्यावर लटकवून उभी राहिली. हे मी शिकवलेलं नाही. तिलाच पुढं केली.

पण मधेच गप्प. नजर भिंतीवर. दोनदा हाक मारली तरी ढिम्म. "डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणून ओरडले, तेव्हा म्हणाली, "काय बाई?" पोरं हसली. मीही हसले.

१३ डिसेंबर, शनिवार

दुसरा आठवडा. चाळीस चिठ्ठ्या. चांदण्या संपल्या, दुकानातून मागवल्या. आपण पुढं आहोत.

१५ डिसेंबर, सोमवार

जीपचे ड्रायव्हर मामा सकाळी एकटेच वर्गाच्या दारात आले. कोमलला झटका आला. सकाळी चुलीपुढं बसली होती, तशीच कलंडली. उजवा हात विस्तवात. आई गोठ्यात धार काढत होती. तिला कळेपर्यंत कोपरापर्यंत भाजलंय. झोळीत घालून खाली आणली.

चौथ्या वर्षापासून तिला फिट येते, प्रवेशाच्या फॉर्मवर आहे. दोन वर्षं औषध चालू होतं आणि एकदाही झटका नव्हता. आज वर्गात काही शिकवलं नाही. चित्रं काढायला लावली.

१६ डिसेंबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर भोरला दवाखान्यात. हात सगळा पांढऱ्या पट्टीत. डॉक्टर कोमलच्या आईवर चिडलेले. "औषध चुकवलंय तुम्ही. मधेच बंद केलं की असं होतंच."

ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. "न्हाई वो सायब. बाटली बगा की, मापानं उतरलीया."

"बाटली उतरली म्हणजे पोटात गेलं असं नसतं, बाई."

बाहेर व्हरांड्यात माझ्याजवळ रडली. सकाळ-संध्याकाळ धारेची वेळ, म्हणून कोमल आपल्या हातानं टोपणात ओतून घेते. "गोड हाय न्हवं, कदी सांगाया लागलं न्हाई. आपनहून घ्यायची. आन आता सायब मलाच बोलत्यात." मग नाक पुसून असंच काहीबाही बोलत राहिली. म्हशीचं, नवऱ्याच्या फोनचं, दाराच्या मागं मुंग्या लई झाल्यात त्याचं.

आत गेले. कोमल जागी होती. मला म्हणाली, "बाई, माज्या काड्या किती झाल्या?"

दोन, म्हणाले.

एसटीत बसले. खिडकीशी जागा मिळाली. नसरापूर फाटा गेला असेल तेव्हा त्या मुंग्या डोक्यात आल्या. दारामागं ओतलेलं काहीतरी. गोड. आवडतं ते सोडायचं. घरी सांगायचं नाही. पुढचा रस्ता कसा गेला आठवत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

साडेसातलाच शाळेत. कपाट उघडलं. सापडली.

"मी गोड औषद सोडलं. आईला न्हाई सांगितलं. कोमल."

पुढच्या आठवड्याच्या गठ्ठ्यात दुसरी. "मी परत औषद सोडलं." दोन्हींवर मध्यभागी, माझ्या हातची, चांदणी.

मी वाचल्या नाहीत. मोजल्या. अकरा दिवस तो कागद माझ्या कपाटात होता. ९ तारखेला ती भिंतीकडं बघत राहिली तोही झटकाच असणार, आणि मी हसले.

१८ डिसेंबर, गुरुवार

सि. आग्नेसना चिठ्ठ्या दाखवल्या. दोन्ही वाचल्या. मग म्हणाल्या, "काडीची पद्धत माझी आहे. चूक एकट्या तुमची नाही."

माझीच आहे, म्हणाले. "घरी सांगू नका" हे तुम्ही नव्हतं सांगितलं.

गेल्या आठवड्यात गावातले दोघं येऊन पोरांना उपास करायला लावता का म्हणून विचारून गेलेत. सि. म्हणाल्या, "आत्ता हा कागद बाहेर गेला तर शाळेला कुलूप लागेल. साडेतीनशे मुलं आहेत. सुट्टीनंतर दोन तारखेला मी स्वतः वर जाते, तुम्ही बरोबर या. तोवर ती दवाखान्यात आहे, औषध मिळतंय."

मी बरं म्हणाले. आणि मला हायसं वाटलं. हे इथं लिहून ठेवते, कारण नंतर मी ते नाकबूल करीन.

२० डिसेंबर, शनिवार

कार्यक्रम झाला. दुसरी जिंकली. माझ्या पोरांनी बाळ येशूला उचलून आणलं, गव्हाणीत ठेवलं, टाळ्या. कोमलची घोंगडी दुसऱ्या मुलीनं घातली, तिला ती जमिनीवर लोळत होती, पाय अडकून पडली, लोक हसले. पालकांना कार्यक्रम फार आवडला. दोन आयांनी हात हातात घेऊन सांगितलं, "बाई, पोरं लई सुधारली तुमच्यामुळं."

मी त्या पेंढ्याकडं बघत होते. कुठल्या दोन काड्या कोमलच्या, कसं कळणार? शिक्षकांना केक होता. माझा मी ताटलीतच ठेवून आले.

२२ डिसेंबर, सोमवार

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. दुपारी कोमलची आई आली, घोंगडी न्यायला. शनिवारीच घरी सोडलं म्हणे. कशी आहे विचारलं.

"हाय. हात दुखतूय म्हनती." मग सांगितलं. औषध बंद केलंय. दिरानं, सासऱ्यानं ठरवलं. "बाटली मापानं पाजली तरी झटका आला, मंग त्या औषदात काय राम हाय? लागू पडत न्हाई म्हनत्यात. देवाचं बगायला लागंल."

डॉक्टर काय म्हणाले?

"त्यांचं काय. म्या चुकवलं म्हनत्यात. माज्यावर कोन इस्वास ठेवतंय, बाई? घरचं म्हनत्यात औषद खोटं, सायब म्हनत्यात म्या खोटी."

कपाट माझ्या पाठीमागं होतं. किल्ली कमरेला. मी म्हणाले, औषध बंद करू नका, डॉक्टरांना परत भेटा. ती म्हणाली, व्हय. घोंगडीची घडी घातली, डोक्यावर ठेवली, गेली. फाटकापर्यंत दिसत होती. हाक मारता आली असती.

२३ डिसेंबर, मंगळवार

सि.ना फोन. औषध बंद केलंय हे सांगितलं. त्या हादरल्या. "डॉक्टरांना सांगून कुणाला तरी वर पाठवू या का?" कुणाला पाठवणार? आणि चिठ्ठ्यांचं सोडून तो काय सांगणार? फोन ठेवला.

घरी भांडी घासून काढली, घासलेलीच.

२५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी शाळेत प्रार्थनेला गेले. दरवर्षी जाते. पुण्याहून आलेले फादर बाहेर बाकावर बसले होते, पापांची कबुली द्यायला आलेल्यांची रांग. सिस्टर मंडळी एकेक करून जाऊन हलक्या होऊन येत होत्या. मला त्या रांगेत जागा नाही. मत्सर वाटला, खरंच वाटला. मग वाटलं, बरंय नाही ते. मला ज्यांच्यापुढं बोलायचंय ते फादर नाहीत.

परत निघताना ड्रायव्हर मामा. मान खाली. "बाई, त्या कोमलला काल परत आला. लई येळ. जीभ चावलीया."

२६ डिसेंबर, शुक्रवार

ह्यांना सगळं सांगितलं. "नोकरी जाईल," म्हणाले. मग थोडा वेळ पेपर बघत बसले. मग उठून बूट घातले. "चल, पायथ्यापर्यंत सोडतो."

सि.ना फोनवर सांगितलं, मी आजच जाते. त्या म्हणाल्या, "थांबा, मी येते." थांबले नाही.

आधी दवाखाना. डॉक्टरांना चिठ्ठ्या दाखवल्या. वाचून त्यांनी चष्मा काढला. आधीच्याच मापानं आजच सुरू करायला सांगा, उद्या सकाळी तिला घेऊन या, म्हणाले. आणि हळू आवाजात, "मी त्या बाईंना फार बोललो."

वर चढताना दोनदा बसले. वाडा म्हणजे पाच-सहा घरं. कोमलची आई अंगणात शेणी थापत होती. मला बघून उठली, हात धुतले, पाणी आणलं. "बाई, तुमी हितं? कशाला आल्यासा एवड्या लांब?" कोमल दारात बसलेली, पट्टीचा हात मांडीवर, ओठ सुजलेला. मला बघून हसली.

मी चिठ्ठ्या काढून तिच्या आईच्या हातात दिल्या. तिला वाचता येत नाही, मला माहीत होतं. तरी दिल्या.

तिनं उलटसुलट बघितलं. बोटानं चांदणी चाचपली. "चांदनी दिलीया व्हय? चांगलं लिवलं आसंल पोरीनं. वाचा की."

वाचलं.

"परत वाचा."

परत वाचलं. का लिहिलं ते सांगितलं. काड्यांचं, घरी सांगू नका म्हणाले त्याचं. न वाचता चांदण्या लावल्याचं. एक शब्द मागं ठेवला नाही.

ती खाली बसली. "म्हंजी म्या खोटी न्हवते."

नाही.

मग विचारलं, "तुमी कवा वाचलं ह्ये?"

सतरा तारखेला.

तिनं बोटांवर दिवस मोजले. सावकाश. मग माझ्याकडं बघितलं. "म्या घोंगडी न्यायला आल्ते तवा?"

तेव्हा मला माहीत होतं, म्हणाले.

तिनं शिवी दिली असती, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली, बाटली घेऊन आली, टोपण भरलं आणि कोमलच्या तोंडापाशी नेलं. कोमलनं ओठ मिटले. टोपणाकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली.

"बाई, घिऊ का?"

घे, म्हणाले.

"मंग माज्या काड्या काडनार?"

नाही काढणार, म्हणाले.

"दोन्ही ऱ्हातील?"

राहतील.

मग तिनं तोंड उघडलं.

चिठ्ठ्या तिच्या आईनं परत दिल्या नाहीत, मी मागितल्या नाहीत. उद्या सकाळी आमच्या गाडीतून दोघींना दवाखान्यात न्यायचं ठरलंय, येते म्हणाली. निघताना मागून एवढंच ऐकू आलं, "हिचा बाप येनार हाय रविवारी. त्याच्यापुडं ह्येच वाचून दावा. तुमी आन तुमच्या सिस्टर. मंग काय करायचं त्ये तो बगंल."

सि.ना कळवलं. "येते," म्हणाल्या.